मापात पाप नको

(मोहाडी, जि. भंडारा येथे आरोग्यसेवक, शिक्षक व नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धानाचा भाव, बावनथडीचे पाणी, आंधळगावच्या कोसा विणकरांची मजुरी, अशा प्रश्नांवर बोलण्यासाठी आपण एकत्र जमतो. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती यांच्या तुलनेत फारच क्षुल्लक वाटेल. ती आहे काचेची बोटभर लांबीची एक कुपी. तिच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी असते. ही भुकटी कोणाला औषध म्हणून देत नाहीत. ती केवळ जपून ठेवायची असते आणि तिच्याशी इतर रक्ताची तुलना करायची असते. परंतु या तालुक्यातील गरीब माणसाच्या हाती पडणारा रक्ततपासणीचा कागद खरा की खोटा, हे पुष्कळ अंशी त्या भुकटीवर अवलंबून आहे. म्हणून हा विषय तज्ज्ञांच्या खोलीत न ठेवता आपल्यासमोर मांडावा असे मला वाटते.

मापाचे महत्त्व धान पिकवणाऱ्या मुलखाला शिकवण्याची गरज नाही. सावकाराची देण्याची पायली वेगळी आणि घेण्याची पायली वेगळी, अशा गोष्टी जुनी माणसे अजून सांगतात. खळ्यावर कष्टकऱ्याची लूट होत असे ती नेहमीच बळाने होत नसे. बहुतेक वेळा ती मापाने होई. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग अशाच अनुभवातून जन्मला आहे. स्वतंत्र भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला, १९५८ पासून दशमान पद्धत आणली आणि दुकानदाराच्या वजनावर सरकारी शिक्का आला. त्या वजनाची वंशावळ शोधत गेलो तर आपण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत पोहोचतो. तेथे ५७ क्रमांकाचा प्रमाण किलोग्रॅम ठेवलेला आहे. मोहाडीच्या बाजारातील किलो आणि दिल्लीतील किलो एकच आहे, ही त्या कायद्याने गरिबाला दिलेली हमी आहे. रक्ताच्या तपासणीत अशी हमी कोण देतो, हा आजचा प्रश्न आहे.

शरीरात रोगजंतू शिरला की त्याच्याशी झुंजण्यासाठी रक्तात विशिष्ट प्रथिने तयार होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. प्रत्येक प्रतिपिंड आपल्या ठराविक शत्रूलाच चिकटते. त्यामुळे रक्तात अमुक एका रोगाची प्रतिपिंडे सापडली, तर तो रोग होऊन गेला आहे, चालू आहे किंवा त्याची लस टोचलेली आहे असे अनुमान करता येते. विषमज्वराची विडाल चाचणी, डेंग्यूची एलायझा, एच.आय.व्ही.ची तपासणी, सांधेज्वरासाठी केली जाणारी ए.एस.ओ. चाचणी या सर्व याच तत्त्वावर उभ्या आहेत. रक्तगटाच्या तपासणीत हीच क्रिया उलट दिशेने होते. तेथे प्रतिपिंड आपल्याला ठाऊक असते आणि ते रुग्णाच्या तांबड्या पेशींना चिकटते की नाही ते पाहायचे असते.

परंतु प्रतिपिंड तागडीत घालून मोजता येत नाही. ते किती आहे हे त्याच्या कामावरूनच ठरवावे लागते. आणि काम किती झाले हे यंत्र, रसायने, तापमान आणि तपासणाऱ्याचा हात यांवर अवलंबून असते. एकाच रक्ताचा आकडा एका प्रयोगशाळेत चाळीस आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत नव्वद येऊ शकतो, आणि दोन्हीकडील माणसे आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतात. यावर उपाय एकच. ज्याचे मूल्य सर्वांनी मिळून ठरवले आहे असा एक रक्तरस जतन करावा आणि प्रत्येकाने आपला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. अशा रक्तरसाला प्रमाण रक्तरस किंवा संदर्भद्रव्य म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. रुग्णालयातील परिचारिका आणि सफाई कामगार यांना सुई टोचून 'ब' प्रकारची कावीळ होण्याचा धोका असतो, म्हणून त्यांना लस देतात. ती लागू पडली की नाही हे पाहण्यासाठी रक्तातील प्रतिपिंड मोजतात. मिलिलिटरमागे १० मिली-एकके किंवा अधिक असली तर संरक्षण मिळाले असे मानतात. हे एकक मोजायचे कशाने? जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली त्यासाठी एक प्रतिपिंड-द्रव्य कुप्यांमध्ये भरून प्रमाण म्हणून नेमले आणि प्रत्येक कुपीत किती एकके आहेत हे ठरवून दिले. पुढे त्याची जागा दुसऱ्या प्रमाणाने घेतली, पण ती पहिल्याशी ताडूनच. ज्या चाचणीचा आकडा या साखळीशी जोडलेला नाही, त्या चाचणीतील 'दहा' हा आकडा निरर्थक आहे. त्याच्यावर विसंबून एखादा सफाई कामगार निर्धास्त राहिला, तर त्या चुकीची किंमत प्रयोगशाळा देत नाही, तो देतो.

या कल्पनेला सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १८९० साली बेहरिंग आणि किटासाटो यांनी दाखवून दिले की, विष टोचून तयार केलेल्या प्राण्याच्या रक्तरसात त्या विषाचा उतारा असतो. घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांना घोड्याचा रक्तरस टोचण्यात येऊ लागला. पण एका कारखान्याचा रक्तरस तेज, दुसऱ्याचा निकामी अशी अवस्था होती. प्रारंभी उताऱ्याची ताकद विषाच्या मापाने मोजत. विष मात्र ठेवल्या ठेवल्या बदलते. त्याची मारकता उतरते, पण प्रतिपिंडाला बांधून घेण्याची शक्ती टिकून राहते. म्हणजे मोजपट्टीच आकसत होती. पॉल एर्लिख यांनी ही अडचण ओळखली आणि १८९७ साली विषाऐवजी प्रतिविषालाच कायमचे माप ठरवले. त्यांनी तो रक्तरस सुकवला, हवा काढून घेतलेल्या नळ्यांत ओलावा शोषणाऱ्या फॉस्फरसच्या संयुगासह बंद केला आणि थंड, अंधाऱ्या जागी ठेवला. हवा, पाणी, उष्णता आणि प्रकाश हे प्रतिपिंडाचे चार शत्रू त्यांनी एकाच वेळी दूर केले.

या जपणुकीचे फळ पहिल्या महायुद्धानंतर दिसले. युद्धकाळात जर्मनी आणि अमेरिका यांच्यातील शास्त्रीय देवाणघेवाण तुटली होती. एर्लिख यांचे माप दोन्हीकडे स्वतंत्रपणे सांभाळले गेले होते. युद्ध संपल्यावर फ्रँकफर्ट आणि वॉशिंग्टन येथील मापे एकमेकांशी ताडून पाहिली तेव्हा ती जुळली. १९२२ साली तेच आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारले गेले, आणि राष्ट्रसंघाच्या वतीने ते सांभाळण्याचे काम कोपनहेगनच्या राज्य सीरम संस्थेकडे आले. ज्या काळात राष्ट्रे एकमेकांच्या सीमा मान्य करीत नव्हती, त्या काळात त्यांनी एकमेकांचे माप मान्य केले. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या इतिहासात या घटनेला फारसे कोणी स्थान देत नाही. माझ्या मते ते दिले पाहिजे.

आज ही जपणूक कशी करतात ते पाहू. अनेकांच्या रक्तातून मिळालेला रक्तरस एकत्र करतात आणि तो मोजून हजारो कुप्यांत भरतात. मग तो गोठवतात आणि निर्वात पेटीत ठेवून त्यातील बर्फ पाणी न होऊ देता थेट वाफेच्या रूपाने काढून घेतात. उरते ती भुकटी. कुपीत नायट्रोजन वायू भरून काचेचे तोंड ज्योतीने वितळवून बंद करतात आणि कुप्या उणे २० अंशांवर ठेवतात. काही कुप्या मुद्दाम उष्ण जागी ठेवून त्या किती वेगाने बिघडतात ते पाहतात, आणि त्यावरून थंड जागेतील माप किती वर्षे टिकेल याचा हिशेब मांडतात. हे तंत्र आपल्याला अगदीच अपरिचित नाही. रोवणीच्या दिवसांत साप चावलेल्या मजुराला रुग्णालयात देतात त्या सर्पविषप्रतिबंधक औषधाची भुकटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तीही घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडेच होत, आणि अशीच गोठवून सुकवलेली असल्यामुळे फ्रिज नसलेल्या ठिकाणीही टिकतात. ते औषध पाण्यात विरघळवले की त्याच्या एका मिलिलिटरने नागाचे ०.६ मिलिग्रॅम विष निकामी झाले पाहिजे, असा आपल्याकडे दंडक आहे. तेथेही प्रश्न मापाचाच आहे.

धातूच्या मापात आणि या मापात एक मूलभूत फरक आहे. २०१९ साली किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून काढून निसर्गातील एका स्थिरांकावर बसवण्यात आली. प्रतिपिंडाच्या बाबतीत असे करता येत नाही, कारण ते जिवंत शरीराने घडवलेले द्रव्य आहे आणि प्रत्येक शरीर ते थोडे वेगळे घडवते. त्याचे माप द्रव्याच्याच रूपाने सांभाळावे लागते. शिवाय हे माप वापरले की संपते. कोविडच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये प्रतिपिंडांचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण नेमले. ते ब्रिटनमधील, आजारातून उठलेल्या अकरा माणसांच्या रक्तापासून बनले होते आणि प्रत्येक कुपीला २५० एकके हे मूल्य दिले होते. मागणी इतकी झाली की तो साठा लवकरच सरला आणि दुसरे प्रमाण नेमावे लागले. म्हणून आंतरराष्ट्रीय माप रोजच्या कामासाठी उघडायचे नसते. त्याच्याशी ताडून राष्ट्रीय माप करायचे, त्यावरून प्रादेशिक, आणि त्यावरून प्रयोगशाळेने आपले रोजचे नियंत्रण-द्रव्य तयार करायचे, अशी उतरंड असते. एक मडके फुटले की वरची सारी उतरंड डळमळते.

आपल्या देशात ही उतरंड काही ठिकाणी चांगली उभी आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. एच.आय.व्ही.च्या बाबतीत पुण्याच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेकडून ज्ञात रक्तरसांचे संच राज्य पातळीवरील प्रयोगशाळांना आणि तेथून खालच्या तपासणी केंद्रांना जातात. उत्तर गुप्त असते. केंद्राने तपासून कळवायचे आणि मग ते ताडले जाते. पुण्याचीच राष्ट्रीय विषाणू संस्था देशभरच्या ठराविक प्रयोगशाळांना डेंग्यूच्या तपासणीचे संच पुरवते. नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था रक्तगटाची अभिकर्मके आणि तपासणीचे संच पारखते. ज्या कामाचा भार सार्वजनिक संस्थेने उचलला तेथे माप टिकले, असा याचा अर्थ आहे.

जेथे उचलला नाही तेथे काय झाले? एप्रिल २०२० मध्ये परदेशातून झटपट प्रतिपिंड-चाचण्यांचे संच घाईने आणले गेले. राजस्थानातून तक्रार आली, इतर राज्यांतही तपासणी झाली, निकालांत मोठी तफावत आढळली आणि २७ एप्रिल रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दोन कंपन्यांचे संच वापरणे थांबवून परत करण्यास राज्यांना सांगितले. ही तफावत उघडकीस कशी आली? ज्यांना आजार झाल्याचे आधीच सिद्ध होते अशांच्या रक्तावर ते संच लावून पाहिले म्हणून. ज्ञात रक्त हाताशी नसते तर खोटे माप खरे म्हणून चालत राहिले असते. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत झालेल्या पाहणीत झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. विषमतेचा इतका स्पष्ट आकडा क्वचितच मिळतो. परंतु त्याची दुसऱ्या शहराच्या आकड्याशी तुलना करायची तर दोन्हीकडचे माप एक असावे लागते. सामायिक मापाशिवाय गरिबांचे दुःख मोजताही येत नाही. आणि जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

आता आपल्या जिल्ह्याच्या दाराशी येऊ. पूर्व विदर्भात दलित, आदिवासी आणि इतर मागास समाजांत सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. त्यातील अनेक रुग्णांना पुन्हा पुन्हा रक्त द्यावे लागते. रक्तगट म्हणजे केवळ ए, बी, ओ आणि आर.एच. एवढेच नव्हे, तांबड्या पेशींवर आणखी कितीतरी खुणा असतात. वारंवार रक्त घेणाऱ्याच्या शरीरात या परक्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि पुढे त्याला जुळणारे रक्त मिळणे दुर्घट होते. कोणत्या खुणेविरुद्ध प्रतिपिंड झाले आहे हे ओळखायचे तर ज्ञात पेशी आणि ज्ञात प्रतिरक्तरस यांचा जपलेला संग्रह लागतो. तो नसेल तर मोहाडीहून भंडाऱ्याला, भंडाऱ्याहून नागपूरला असा त्या मुलाचा प्रवास होतो, दर ठिकाणी नवी तपासणी होते, आणि दर तपासणीत आईबापांची एक दिवसाची मजुरी बुडते.

या संग्रहाचे मोल महाराष्ट्राला अन्य कोणापेक्षा अधिक कळायला हवे. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत एक नवाच रक्तगट शोधला. जगभर तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. या व्यक्तींचे रक्त नेहमीच्या तपासणीत 'ओ' भासते, पण त्यांच्या रक्तात 'एच' या खुणेविरुद्ध प्रतिपिंड असते आणि त्यांना दुसऱ्या कोणाचेही 'ओ' रक्त दिले तर जीव धोक्यात येतो. रुग्णाचा रक्तरस ज्ञात 'ओ' पेशींवर लावून पाहिला, तर हा फरक उघड होतो. दुर्मीळ रक्तगटांचे काम पुढे नेण्यासाठी १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. तीच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था होय, आणि चंद्रपूर येथे तिचे रक्तदोषांसाठीचे केंद्र आहे. मुंबईची वाट चंद्रपूरपर्यंत आली आहे. ती वैनगंगेच्या काठापर्यंत आणणे अशक्य नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, प्रत्येक कंपनी आपल्या संचात नियंत्रण-द्रव्य देतेच, मग निराळे माप कशाला? त्या द्रव्याने संच आज चालू आहे एवढे कळते. गेल्या महिन्याच्या संचाशी किंवा दुसऱ्या कंपनीच्या संचाशी तो जुळतो की नाही हे कळत नाही. विकणाऱ्यानेच आपले वजन आपण तपासायचे, ही रीत आपण बाजारात मान्य करीत नाही. ती दवाखान्यात का मान्य करावी? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असताना प्रमाण रक्तरसाची चैन कोणी करावी? डॉक्टर हवेतच, आणि त्यासाठी आपला लढा चालूच राहील. पण आलेला डॉक्टर ज्या कागदावर विसंबून औषध लिहितो तो कागद खोटा असेल, तर त्या जागेचा पगारही वाया जातो. चुकीच्या निकालावर दिलेल्या औषधांचा खर्च मापाच्या खर्चाहून कितीतरी मोठा असतो.

आणखी एक प्रश्न आपल्यासारख्यांनीच विचारला पाहिजे: हे रक्त कोणाचे? १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी पेशींच्या संवर्धनातून एकाच जातीची प्रतिपिंडे निर्माण करण्याची युक्ती शोधली. त्या मूळ शोधावर पेटंट घेतले गेले नाही, आणि आज रक्तगटाची नेहमीची अभिकर्मके त्याच मार्गाने बनतात. तरीही अनेक आजारांचे प्रमाण रक्तरस आजही माणसाच्याच रक्तातून येतात. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजवादी विचारवंताने १९७० साली दाखवून दिले होते की, रक्ताचा बाजार मांडला की ते अधिक असुरक्षित होते आणि समाजातील सहभावही आटतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. तोच न्याय येथेही लागू व्हावा. आजारातून उठलेल्या माणसाने समजून-उमजून, स्वखुशीने दिलेला रक्तरस सर्व समाजाचा ठेवा मानला जावा. त्याच्यावर कोणाची मालकी बसू नये आणि त्याच्या नावाची गुप्तता राखली जावी.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक सार्वजनिक प्रयोगशाळेने दररोजच्या तपासणीबरोबर एक ज्ञात रक्तरस लावावा, त्याचा आकडा वहीत लिहावा आणि ती वही मागेल त्या नागरिकाला दाखवावी. हाच नियम खाजगी प्रयोगशाळांना लागू करावा. नागपूर विभागासाठी सरकारी संस्थेत रक्तरस-संग्रह उभारावा आणि तो राष्ट्रीय प्रमाणाशी ताडलेला असावा. हिवताप आणि हत्तीरोग यांच्या सहवासात राहणाऱ्या आपल्या लोकांच्या रक्ताचे नमुनेही त्यात असावेत, कारण परक्या भूमीतील रक्तावर पारखलेली चाचणी येथे तशीच वागेल असे गृहीत धरता येत नाही. आणि तालुक्याच्या शीतपेटीला अखंड वीज मिळावी.

येथे उपस्थित असलेल्या तंत्रज्ञ बंधुभगिनींना विनंती आहे की, शासनाचा निर्णय होईपर्यंत आपल्या हातात आहे तेवढे सुरू करावे. नियंत्रणाचा रक्तरस आला की तो लहान-लहान भागांत वाटून ठेवा, प्रत्येक भागावर तारीख लिहा, एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नका, फ्रिजच्या दारात ठेवू नका, आणि वीज गेली तर किती तास गेली त्याची नोंद करा. आणि नागरिकांनी, रक्ततपासणीचा कागद हाती घेताना एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: आज ज्ञात रक्तरसाचा आकडा किती आला होता? बाजारात वजनावरचा शिक्का पाहण्याचा हक्क आपण मिळवला आहे. हा प्रश्न विचारण्याचा हक्कही विचारल्यावाचून मिळणार नाही.